आठ महिन्यांचं पाणी एकाच बिलात: पाणीपट्टी दुरुस्त करून घेण्याचा माझा अनुभव

पाणीपट्टीची दोन-दोन महिन्यांची सलग तीन बिलं २४० रुपयांची आली आणि चौथं आलं ३,०२० रुपयांचं. आळीत सगळ्यांचा पहिला अंदाज एकच, की दर वाढले. दर वाढले नव्हते, मीटर बिघडला नव्हता आणि पाईपही फुटला नव्हता. तेच बिल शेवटी १,०८० रुपयांवर आलं. ते कसं आलं हे सविस्तर लिहितो, कारण कोकणात पावसाळा सरल्यावर असली बिलं घरोघरी येतात आणि बहुतेक जण ती मुकाट्याने भरून टाकतात.

बिलावर रकमेआधी चार रकाने बघायचे: मागील वाचन, चालू वाचन, वापर आणि शेरा. आमच्या तीन बिलांवर शेऱ्यात ‘सरासरी’ असं होतं. म्हणजे त्या सहा महिन्यांत मीटर कोणी वाचलाच नव्हता, दर वेळी २४ युनिट धरून बिल काढलं होतं. कारण साधं आहे. मीटर गडग्याच्या कडेला जमिनीतल्या पेटीत. पावसात पेटी पाण्याने भरते, चिखल बसतो, काचेच्या आतून वाफ धरते. वाचायला येणाऱ्याला आकडे दिसत नाहीत, मग सरासरी पडते. आमची ही सरासरी जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालली.

मीटरवरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, बिलातलं एक युनिट. लाल आकडे किंवा लाल काटे त्याखालचे लिटर दाखवतात, ते बिलात धरायचे नसतात. मेअखेरचं खरं वाचन १२१२ होतं, जानेवारीअखेरचं १३७२. आठ महिन्यांत १६० युनिट, महिन्याला २०. पाच माणसांना माणशी रोज १३५ लिटर धरलं, म्हणजे शहरी पाणीयोजना आखताना जे माप वापरतात ते, तर महिन्याला २०,२५० लिटर होतात. वापर अगदी चारचौघांसारखा होता. चूक असलीच तर हिशेबात होती.

आमच्याकडे दोन महिन्यांच्या बिलाला दर असे आहेत: पहिली ३० युनिट १० रुपयांनी, पुढची २० युनिट १५ रुपयांनी आणि ५० च्या वरची २२ रुपयांनी. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, पण टप्प्यांची रीत बहुतेक हीच. जास्त पाणी वापरणाऱ्याने जास्त दर द्यावा हा त्यामागचा विचार, आणि तो मला पटतो. पण टप्पा दोन महिन्यांचा आणि वापर आठ महिन्यांचा असं झालं की बेताने पाणी वापरणारं घरसुद्धा थेट वरच्या टप्प्यात जाऊन बसतं. संगणकाने १६० युनिट एकाच बिलात घातली होती: ३०० अधिक ३०० अधिक ११० युनिटांचे २,४२०, मिळून ३,०२०. सरासरीने आधी भरलेली ७२ युनिट वजासुद्धा केली नव्हती.

नगरपरिषदेच्या कचेरीत जाण्याआधी मीटर आणि गळती तपासून घ्यावी. नाहीतर पहिलं उत्तर मिळतं, ‘तुमच्याकडेच गळती असेल.’ आधी मीटर. बादलीत २० किलो पाणी काट्यावर मोजून घ्या आणि त्या पातळीला खूण करा. मीटरनंतरच्या पहिल्या नळावर अशा १० बादल्या भरा, दुसरा एकही नळ उघडा नको. २०० लिटरला मीटर १९६ ते २०४ दाखवत असेल तर तो ठीक आहे, कारण नेहमीच्या प्रवाहाला दोन टक्क्यांची चूक चालते. ही चाचणी पाणी सुटल्यावर लगेच करू नका. आमच्याकडे दिवसातून तासभर पाणी येतं आणि रिकाम्या लाईनीत साठलेली हवा आधी येते. ती हवासुद्धा मीटर फिरवते. नळ फुसफुसायचा थांबला की पाच मिनिटांनी सुरुवात करा.

गळतीची तपासणी दोन ठिकाणी करावी लागते आणि इथेच लोक फसतात. पाणी चालू असताना टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, पूर्ण बंद ठेवून मीटरमधली छोटी चांदणी, म्हणजे थोड्या पाण्यानेही फिरणारं चाक, बघायची. ती हलत असेल तर मीटर ते टाकी या पट्ट्यात गळती आहे. जांभ्याच्या जमिनीत हे पाणी वर येत नाही, खालीच मुरतं, म्हणून ओल दिसली नाही तरी समाधान मानू नये. पण टाकीच्या पुढची गळती या तपासणीत सापडत नाही. फ्लशमधून बारीक धार चालू असेल आणि दोन मिनिटांत एक लिटर जात असेल, तर दिवसाला ७२० लिटर होतात, महिन्याला साडेएकवीस युनिट. त्यासाठी रात्री वरच्या टाकीत पातळीला खूण करायची, पंप लावायचा नाही आणि पहाटे पुन्हा बघायचं.

घरात विहीर असेल तर आणखी एक गोष्ट. विहिरीच्या पंपाची लाईन नगरपरिषदेच्या लाईनीला जोडलेली नसावी. नळाला दाब नसताना विहिरीचं पाणी उलटं जातं, मीटर मागे फिरतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ते पाणी आख्ख्या आळीच्या लाईनीत मिसळतं. पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्याच्या पडद्यात वाळूचा कण अडकला तरी तो उघडा राहतो. दोन्ही पाणी टाकीत वरून, वेगवेगळ्या तोंडांनी पडू द्यावं.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, पाणीपुरवठा विभागाला प्रत. सोबत चारही बिलं, मीटर क्रमांक आणि वाचन एकत्र दिसेल असा फोटो, आणि अर्ध्या पानात हिशेब. ‘बिल जास्त आलं आहे’ असा अर्ज करू नये, त्याचा निकाल लागत नाही. मागणी आकड्यांत लिहावी. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. भरणाही थांबवू नये, कारण थकलेल्या रकमेवर आमच्याकडे दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. मी चालू दोन महिन्यांचे ४५० ‘हरकत राखून’ असं लिहून भरले. खिडकीवर अपुरी रक्कम घेत नाहीत, त्यासाठी अर्जावरच आंशिक भरण्याची परवानगी मागावी लागते.

पहिल्या दुरुस्तीत त्यांनी ७२ युनिट वजा केली आणि ८८ चं बिल दिलं: ३०० अधिक ३०० अधिक ३८ युनिटांचे ८३६, म्हणजे १,४३६. बरेच जण इथे थांबतात, आणि थांबू नये. ती ८८ युनिटसुद्धा दोन महिन्यांत वापरलेली नव्हती. खरा हिशेब असा: १६० युनिट चार बिलांत वाटली की प्रत्येकी ४०. एका बिलाचे ३०० अधिक १५०, म्हणजे ४५०. चार बिलांचे १,८००, त्यातून आधी भरलेले ७२० वजा, बाकी १,०८०. हे पटवायला मला सर्वसाधारण सभेचा दरांचा ठराव लागला. तो माहितीच्या अधिकारात मागवला: अर्जाला १० रुपये, पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस. ठरावात दर ‘दोन महिन्यांच्या वापरावर’ असं स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य अधोरेखित करून जोडलं आणि दुसरी दुरुस्ती मंजूर झाली. मधल्या काळात चढलेली शास्ती आपोआप निघत नाही, ती काढण्याची मागणी त्याच अर्जात करावी.

आमच्या बिलात मलनिस्सारणाची ओळ नाही, कारण घरोघरी सेप्टिक टँक आहेत आणि उपशाच्या गाडीचे पैसे वेगळे द्यावे लागतात. मुंबईत हा आकार पाणी आकाराच्या ७० टक्के असतो. सांडपाणी कोणी मोजत नाही, दिलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के गटारात जातं असं धरतात आणि पाण्याच्या वापरावरूनच आकारणी करतात. त्यामुळे तिथे वाचनाची चूक दोनदा भरावी लागते: माझी १,९४० रुपयांची चूक तिथे ३,२९८ ची झाली असती.

मीटर आता प्लंबरकडून जमिनीपासून फूटभर वर घेतला आहे. तो आडवा आणि सपाट बसवला आहे, पुढे-मागे पाईपचा सरळ तुकडा सोडला आहे, वर पत्र्याचं झाकण आहे. सील तोडायला विभागाची लेखी परवानगी घेतली होती, ती आधी घ्यावीच लागते. मार्चअखेरचं वाचन १४११, वापर ३९, बिल ४३५ रुपये. शेऱ्याचा रकाना रिकामा.