क-२ आणि दोन ओळी

प्रगतिपत्रकावर शेरा लिहिणं म्हणजे 'प्रगती समाधानकारक' असं लिहून सही करणं, अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. शिक्षणहक्क कायदा आला, त्यानंतर २०१० मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे नुसत्या परीक्षेवर नव्हे तर वर्षभराच्या कामावर मूल जोखणं, सुरू झालं आणि तेव्हापासून आम्ही शिक्षक प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद लिहितो. तीसेक मुलं, नऊ विषय, दोन सत्रं धरली तर एका वर्गाच्या साडेपाचशेच्या आसपास नोंदी होतात. शिवाय विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक असे रकाने वेगळे. हे सगळं एप्रिलच्या उन्हात, पेपर तपासून श्रेण्या काढता काढता करायचं, कारण १ मे रोजी निकाल हातात द्यायचा असतो.

म्हणून तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या. आता तर पीडीएफ गटांवर फिरतात. इंग्रजीच्या पानावर 'कवितांचे तालासुरात गायन करतो', 'सोप्या सूचनांप्रमाणे कृती करतो', 'परिचित शब्दांचे स्पष्ट वाचन करतो' अशी वाक्यं असतात. मुलगी असेल तिथे 'करतो'चं 'करते' करायचं. माझे सहकारी आळशी नाहीत. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि मतदार याद्या यांतून उरलेल्या वेळात साडेपाचशे खरी वाक्यं सुचणं अवघडच आहे. पण इंग्रजीच्या नोंदींत ही पुस्तिका मी उघडत नाही. भाषेत मूल नेमकं कुठे अडलंय आणि कुठे सुटलंय, हे पुस्तिकेला माहीत नसतं. ते मला माहीत असतं.

या वर्षी सहावीच्या दोन मुलांच्या नोंदींनी मला अडवून धरलं. सातारा जिल्ह्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, मराठी माध्यमाची. यातला मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखं, 'माय काऊ' निबंध एकही चूक न करता लिहिणारा. त्याला अ-१, सर्वांत वरची श्रेणी. मुलीला क-२, म्हणजे एक्केचाळीस ते पन्नास गुणांच्या आतली श्रेणी. सहावीला आकारिक, म्हणजे वर्गातल्या रोजच्या कामाचे, पन्नास गुण आणि संकलित, म्हणजे सत्राच्या परीक्षेचे, पन्नास. दोन्हीकडे श्रुतलेखन, शब्दार्थ आणि रिकाम्या जागांत स्पेलिंगचे गुण जातात, आणि तिचे तिथेच गेले होते.

आकारिकसाठी मी एक स्वाध्याय दिला होता, घरातल्या एका माणसाचा दिवस इंग्रजीत लिहा. मुलाने पाठ केलेला 'माय मदर' उतरवला. त्यातली आई दयाळू होती आणि सकाळी लवकर उठत होती. मुलीच्या वहीत लाल पेन कुठे टेकवावा तेच कळेना. 'मदर'चं स्पेलिंग एम-ए-डी-ए-आर. 'डाउन' म्हणजे डी-ए-यू-एन. 'रेन' म्हणजे आर-ई-एन. 'बिकॉज' म्हणजे बी-आय-के-ओ-जे. मग मी ते पान मोठ्याने वाचलं आणि कानाला ऐकू आलं ते असं: माय मदर गो मार्केट. टुडे टोमॅटो रेट इज डाउन. शी इज अँग्री बिकॉज रेन कम अँड ऑल टोमॅटो वेट. आय से, आई, टुमारो रेट अप.

सहावीतल्या मुलीने कारण सांगितलं होतं, भाव सांगितला होता, आईचा राग सांगितला होता आणि स्वतःचं बोलणं मध्ये घातलं होतं. एकही वाक्य पुस्तकातलं नव्हतं. आणि स्पेलिंगही वाटेल तसं नव्हतं. 'अ'च्या जागी तिने सगळीकडे 'ए' वापरला होता, 'इ'च्या जागी 'आय' आणि 'उ'च्या जागी 'यू'. मी तिला जवळ बसवून विचारलं, असं लिहायला कुठे शिकलीस? म्हणाली, "आईचे मेसेज मीच टाकते की, बाई." तिची आई आठवडी बाजारात भाजी विकते. व्यापाऱ्याला काय माल हवा, किती हवा, उधारी किती राहिली हे आईच्या मोबाइलवरून मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत, ही मुलगी लिहिते. त्या अक्षरांना तिने मराठीचे नियम लावले होते आणि तेच नियम घेऊन ती इंग्रजीत उतरली होती. इतक्या शिस्तीत चुकणारं मूल शिकवायला सोपं असतं. एक नियम हलवला की पन्नास शब्द सुधारतात. 'मदर', 'ब्रदर', 'फादर', 'सिस्टर' एका ओळीत लिहून दिले तर शेवटच्या 'अर'ला 'ए-आर' नव्हे, 'ई-आर' लागतं हे तिला एका तासात कळलं. श्रेणीच्या कोष्टकात यातलं काहीच बसत नाही.

नोंदीचा रकाना दोन ओळींचा. 'स्पेलिंगमध्ये सुधारणा आवश्यक' एवढंच लिहिलं असतं तर खरं झालं असतं, पण मुलगी त्याखाली गाडली गेली असती. नुसतं कौतुक लिहिलं असतं तर क-२ शेजारी ते दिलाशासारखं वाचलं गेलं असतं. शेवटी लिहिलं: 'मनातले इंग्रजीत सलग लिहिते, कारण सांगते. शब्द ऐकू येतो तसा लिहिते. रोज थोडे वाचन केल्यास स्पेलिंग लवकर सुधारेल.' मुलाला लिहिलं: 'पाठ केलेले निर्दोष लिहितो. स्वतःची वाक्ये करण्याचा सराव हवा.'

मुख्याध्यापक सरांनी दोन्हींवर बोट ठेवलं. नोंदीत नकारात्मक सूर नको, हा त्यांचा आग्रह, आणि तो अगदी चुकीचा नाही. 'येत नाही' असं लिहिलेलं पत्रक मुलाच्या अंगाला चिकटतं. पण अ-१च्या खाली सराव हवा हे वाक्य कसं चालेल, तपासणीला प्रश्न येईल, हे त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. पाठांतर म्हणजे भाषा नव्हे, हे अ-१ मिळालेल्या मुलालाच सांगणं सर्वांत गरजेचं असतं. त्याला दुसरं कोणीच सांगणार नसतं. मी वाक्य बदललं नाही.

निकालाच्या दिवशी झेंडावंदन झालं आणि पालक वर्गात आले. मुलाचे वडील पत्रक घेऊन सरळ टेबलापाशी. "बाई, अ-१ दिलाय आन् खाली ह्ये काय?" मी त्यांना वही दाखवली, मग मुलाला विचारलं, काल तू काय केलंस ते इंग्रजीत सांग. तो गप्प राहिला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं ते रागाने. शिकवणी लावूनही असं कसं, म्हणाले. चार लोकांसमोर मुलाला असं विचारायला हवं होतं का, यावर माझं मन अजून ठरत नाही.

मुलीची आई उशिरा आली, बाजारातून. तिने पत्रक लेकीच्या हातात दिलं आणि लेकीने स्वतःचीच नोंद आईला वाचून दाखवली. सगळं ऐकून आईने मला विचारलं, "म्हंजी हिला येतंय का न्हाई, तेवढं सांगा." मी म्हटलं, "येतंय. लिहायला येतंय. स्पेलिंग यायचं हाय." तर म्हणाली, "येतंय तर मग क का?"

मी कोष्टक समजावलं. आकारिक, संकलित, श्रुतलेखनाचे गुण. बोलताना मलाच जाणवत होतं की तिच्या प्रश्नाला हे उत्तर नाही. तीन-चार ओळींत बाजार उभा करणाऱ्या मुलीला क आणि गाय पाठ करणाऱ्याला अ, हे श्रेणी देणाऱ्या कागदाला विचारायला हवं, आणि तो कागद तर माझ्याच सहीचा.

जूनमध्ये सातवीचे सर नवीन आले. जुन्या नोंदी कोणी उघडत नाही, म्हणून त्या पानाची झेरॉक्स मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी नजर टाकली, म्हणाले, "स्पेलिंग फारच कच्चं दिसतंय, मॅडम." मी म्हटलं, सर, मोठ्याने वाचा. त्यांनी वाचलं. टोमॅटोच्या ओळीवर थांबले आणि विचारलं, "ही मुलगी बाजारात बसते का?"