पळनीच्या वाटेवरचा इडुंबन

बायकांनी कार्तिकस्वामीचं तोंड बघायचं नाही, सात जन्म वैधव्य येतं, असं ऐकत मी वाढले. लहानपणी घरची सगळी देवळात गेली की मी आणि आजी बाहेर चपला सांभाळत बसायचो. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र आलं तर तेवढी मुभा. म्हणून मदुराईची मैत्रीण म्हणाली, "तैपूसमला आम्ही दिंडिगुलहून पळनीला चालत जातो, येतेस?" तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं. पळनीचा दंडायुधपाणी म्हणजे हाच कार्तिकस्वामी. तमिळ लोकांचा मुरुगन.

तै महिन्यात, म्हणजे आपल्या जानेवारी-फेब्रुवारीत, पुष्य नक्षत्राच्या पौर्णिमेला तैपूसम येतं. कारैकुडीकडचे लोक त्याच्या कितीतरी दिवस आधी घर सोडतात. आमचं चालणं त्या मानाने थोडं, दिंडिगुल ते पळनी सुमारे 60 किलोमीटर. तीन दिवसांत केलं. सोबत मैत्रिणीची आत्या आणि तिचा नवरा होता. तमिळमध्ये आत्याला 'अत्तै' म्हणतात, आणि थोरल्या बहिणीला 'अक्का'च. त्यामुळे मला परकं वाटायला जागाच उरली नाही. वाटेत गळ्यात माळ घातलेला प्रत्येक जण दुसऱ्याला 'सामी' म्हणतो. आपल्या वारीत 'माऊली' म्हणतात ना, अगदी तसंच. पाणी देणारा सामी, पुढे सरका म्हणणारा सामी, पाय दाबून देणारा पोरगाही सामी.

पहाटे चारला चालायला लागायचं आणि ऊन चढलं की एखाद्या मांडवात पाठ टेकायची. जागोजागी अन्नदान चालू. केळीच्या पानावर गरम भात, वर सांबार, शेवटी ताक. ओड्डनचत्रमच्या भाजीबाजारापाशी ट्रकांची रांग लागलेली आणि तिच्या कडेने मोरपिसांच्या कावडी डुलत चाललेल्या. डावीकडे कोडैकनालचे डोंगर दिवसभर सोबत करतात. दुसऱ्या दिवशी माझ्या डाव्या टाचेला फोड आला. अत्तैने सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला. "पाणी आपोआप झिरपतं," म्हणाली.

त्याच मुक्कामात तिने मला इडुंबनाची गोष्ट सांगितली. मैत्रीण अर्थ सांगत होती, पण अत्तैचे हातच निम्मं सांगून जात होते.

इडुंबन असुर होता आणि अगस्त्य ऋषींचा शिष्य. अगस्त्यांनी त्याला उत्तरेतल्या शिवगिरी आणि शक्तिगिरी या दोन टेकड्या दक्षिणेत आणायला सांगितलं. त्याने ब्रह्मदंडाची काठी केली, सापांचे दोर केले आणि दोन्ही टोकांना एकेक टेकडी बांधून खांद्यावर घेतली. ही पहिली कावड. पळनीपाशी दम खायला त्याने ती खाली ठेवली. पुन्हा उचलायला गेला तर एक टेकडी हलेचना. वर पाहतो तो लंगोटी लावलेला, हातात दंड घेतलेला एक पोरगा उभा. म्हणतो, ही टेकडी माझी. फळावरून रुसून कैलास सोडून आलेला मुरुगनच तो. दोघांची जुंपली आणि इडुंबन मेला. त्याची बायको इडुंबी धावत आली, पदर पसरला, अगस्त्यांनीही रदबदली केली. मुरुगनाने त्याला जिवंत केलं. तेव्हा इडुंबनाने मागितलं ते एवढंच: मला तुझ्या दारात उभं राहू दे, आणि माझ्यासारखी कावड घेऊन जो येईल त्याला पाव.

अत्तै बोलायची थांबली आणि खांद्यावरचा पंचा सारखा करत राहिली. मी पाहिलं, तिच्या नवऱ्याच्या उजव्या खांद्यावर, कावडीचा दांडा टेकतो तिथे, कातडी काळपट आणि जाड झाली होती. दरवर्षी तीच जागा.

मी विचारलं, मुरुगनाला बायका चालतात? अत्तै हसली. तिने वल्लीची गोष्ट काढली. डोंगरातल्या कुरवरांची ही पोर राळ्याच्या शेतावर पाखरं हाकत होती. मुरुगन म्हातारा बनून तिच्याकडे मध आणि राळ्याचं पीठ मागायला आला. ती बधेना, तेव्हा त्याने थोरल्या भावाला, विनायकाला हाक मारली. तो हत्ती होऊन आला आणि घाबरलेली वल्ली म्हाताऱ्याला बिलगली. आमच्याकडचा ब्रह्मचारी इथे दोन बायकांचा संसारी आहे, देवसेना आणि वल्ली. मला त्या रात्री आजीची फार आठवण आली.

आयकुडीचे पेरू खात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पळनीत शिरलो. समोर दोन टेकड्या. मोठीवर देऊळ, आणि शेजारची धाकटी अजून इडुंबनाच्या नावाची. पायथ्याशी माझ्या डोक्यावर दुधाचा कलश ठेवला, तोंडाला पिवळं फडकं बांधलेला. पायऱ्या सातशेच्या आसपास. "वेल वेल! वेट्रिवेल!" असा मुरुगनाच्या भाल्याचा, म्हणजे 'वेल'चा, पुकारा होत होता आणि "अरोहरा" म्हणता म्हणता माझा घसा बसला.

पायऱ्यांच्या मध्यावर इडुंबनाचं ठाणं आहे. आधी त्याला हात जोडायचे, मग वर जायचं, असा रिवाजच आहे. ओझं वाहणाऱ्याचा मान पहिला. वरचं दर्शन काही क्षणांचं झालं, मला कुणी अडवलं नाही, डोळे भरून आले. तरी मन पायऱ्यांवरच्या त्या खांदेकऱ्यापाशीच राहिलं होतं. उतरताना मी पुन्हा त्याच्यासमोर उभी राहिले आणि अत्तैला शिखर शिंगणापूरची आमची कावड सांगितली. चैत्रात सासवडहून शंभू महादेवाला निघणारी, मुंगी घाटातून माणसांच्या साखळीने वर चढवली जाणारी.

"ती कोणाची?" अत्तैने विचारलं.

"भुतोजी तेल्याची."

तिला 'भ' जमेना. "बूदोजी," ती म्हणाली, परत एकदा म्हणाली. मग इडुंबनापुढच्या विभूतीत बोट बुडवून तिने ते माझ्या कपाळाला लावलं आणि डोळे मिटून पुटपुटली, "इडुंबा... बूदोजी..."