आमची वाटचाल: मिसळीच्या ताटातला पापड

नाशिकमध्ये मिसळीच्या ताटात पापड लागतोच. त्यामुळे सिडकोतल्या घरातून उडदाचे पापड विकायला लागलो तेव्हा गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. जिवावर यायचं ते पीठ कुटणं. पापडखार घालून घट्ट भिजवलेलं पीठ सासूबाई आणि मी आळीपाळीने कुटायचो. लाट्या पाडेपर्यंत खांदे भरून यायचे.

पीठ मळायच्या मशीनसाठी मुद्रा योजनेतलं ‘शिशू’ कर्ज काढलं. 50 हजारांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही. तरी बँकेत घराचे कागद आणि मिस्टरांची सही मागितलीच. नियम दाखवल्यावर गाडी पुढे सरकली.

खरी अडचण पावसाळ्याची. मिसळीला गर्दी तेव्हाच, आणि गच्चीवर ऊन नाही. अर्धवट वाळलेल्या पापडाला कडेने बुरशी धरायची. ड्रायर हवा होता. नवा उद्योग काढायला कर्ज-अनुदान देणारी केंद्राची योजना म्हणजे पीएमईजीपी. तीत बाईला खर्चाचे 5 टक्केच स्वतः घालावे लागतात, शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान. पण हे अनुदान नव्या युनिटला, आमचं तर चालू होतं. मग पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना. चालू उद्योगालाही 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख. स्वतःचे 10 टक्के. फाइल कृषी विभागाकडे जाते. प्रकल्प अहवालाला जिल्हा संसाधन व्यक्तीची, म्हणजे योजनेनेच नेमलेल्या मदतनिसाची, मदत मिळते, एजंटला पैसे मोजायचं कारणच नाही.

अनुदान हातात पडत नाही, हे मात्र आधी कुणी नीट सांगत नाही. ते बँकेत तीन वर्षं वेगळ्या खात्यात राहतं. त्या रकमेवर व्याज लागत नाही. हप्ते वेळेवर गेले आणि युनिट चालू असलं तरच कर्जात वळतं होतं. तोवर धंद्यात फिरवायला तो पैसा नाही.

‘बायकोच्या नावावर काढा, सवलत जास्त’ असं सांगणारे पुष्कळ. सही तिची, चेकबुक त्याच्या खिशात! हप्ते थकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडते ती तिची. आमच्याकडे खातं मीच बघते.

ड्रायर आला, आता डोकेदुखी हॉटेलवाल्यांच्या उधारीची. बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक, म्हणजे आमचा सूक्ष्म उद्योग असल्याची सरकारी नोंद, छापतो. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, वर्ष संपेपर्यंत थकवले तर हॉटेलवाल्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. ज्यांचा सीए जागा आहे ते मार्चच्या आत देतात. बाकीच्यांकडे अजून मलाच जावं लागतं.