डांबरी सोडून मुरमातनं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "चांगली डांबरी असताना सायकल मुरमातनं कशाला नेता?" हा प्रश्न मला ठोसेघरच्या वाटेवरचे चहावाले काका विचारतात, शाळेतल्या बाई विचारतात, आणि माझे तांबडे झालेले मोजे भिजत घालताना सासूबाई तर दर खेपेला विचारतात. "आणि एकट्याच?" हा त्याला जोडून येणारा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर मी देत नाही.

पहिलं कारण काही थोर नाही. मला डांबरीवर भीती वाटते. कासच्या फुलांच्या हंगामात रविवारी सकाळी यवतेश्वरच्या घाटात कधी थांबून बघा, पुण्यापासूनच्या गाड्या एकामागे एक लागलेल्या असतात. तिथं एका वळणावर एक गाडी इतकी खेटून गेली की तिचा आरसा माझ्या कोपराला लागला. पडले नाही, पण त्यानंतर दोन आठवडे सायकल भिंतीला टेकून होती. ती बारीक टायरची, रस्त्यावरची सायकल. शेवटी ती विकली, त्यात भर घातली आणि ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडी-मुरमाच्या रस्त्यांसाठीची सायकल, घेतली. किंमत ऐकून भावजी म्हणाले, "एवढ्यात जुनी स्कूटर आली असती." आली असती की.

लांबून बघितलं तर दोन्ही सायकली सारख्याच. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल दोघींनाही असतं. फरक टायरमध्ये. जुन्या सायकलचं टायर २५ मिलिमीटर रुंद होतं, हिचं ४० आहे. तिच्यात ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायचे, हिच्यात ३५ भरते. लोकांना वाटतं कमी हवेची सायकल जड जात असेल. डांबरीवर थोडी जातेही. पण मुरमात उलटं होतं. टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडी मारतं, आणि त्या उडीत तुमचा जोर वाया जातो. मऊ टायर खड्याभोवती दबून पुढं सरकतं. आत ट्यूब नसते, पातळ डिंकासारखं द्रव असतं, बारीक काटा घुसला तर तेच भोक बुजवतं. पाणंदीत बाभळीचे काटे तुडवत जाणाऱ्या माणसाला याची किंमत कळेल. परदेशात या प्रकाराचं आता मोठं प्रस्थ आहे. २०२२ मध्ये इटलीत ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

पण खरं सांगू का, हे सगळं नवं आहे असं मला वाटतच नाही. माझे वडील परळी खोऱ्यातल्या आमच्या गावातून रोज पहाटे काळ्या सायकलीवरून डेअरीला दूध घालायचे. गावाला डांबरी नव्हतीच. गाडीवाट, ओढा, पुन्हा गाडीवाट. ती सायकल अजून गोठ्यात आहे. मध्ये एकदा तिच्या टायरवरची माती पुसून बघितलं, तर छापलं होतं २८ × १½. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. माझ्या ४०च्या टायरला दुकानदारानं 'लेटेस्ट' म्हणून विकलं होतं. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "मग मागून न्यायची हीच." गिअर नसलेल्या त्या सायकलीवर दोन कॅन लादून ते चढ कसे चढायचे, हे मी विचारलं. "चढत कोण हुतं? ढकलायचो."

तर माझा नेहमीचा रस्ता. साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडलं की सज्जनगडाच्या बाजूनं जायचं, उरमोडीचं पाणी बघत घाट चढायचा, ठोसेघर मागं टाकायचं आणि चाळकेवाडीच्या पठारावर पोचायचं. इथवर निम्मीअधिक डांबरीच आहे, खोटं कशाला बोलू. वर मात्र पवनचक्क्या आहेत आणि त्यांच्यामधून जाणारे मुरमाचे रस्ते. पवनचक्कीचं पातं लांबलचक ट्रेलरवरून न्यावं लागतं, म्हणून हे रस्ते रुंद केलेले, वळणं ऐसपैस, चढ बेताचे. सायकलसाठी कुणी मुद्दाम केले असते तर एवढे बरे झाले नसते.

याला आम्ही सडा म्हणतो. खाली काळा पाषाण आणि त्यावर जांभ्याची टोपी. लाखो वर्षं पाऊस आणि ऊन खाऊन वरच्या खडकातलं विरघळण्यासारखं सगळं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, त्याचा हा तांबडा, भोकाभोकांचा दगड. चढताना चाकाखालचा रंग बदलतो, राखाडी पिवळटाचा तांबडा होतो, आणि आवाजही बदलतो. खालचा मुरूम करकरतो, जांभ्याचे खडे गोट्यांसारखे घरंगळतात. वळणावर पुढचा ब्रेक दाबलात की गेलात. माझ्या डाव्या गुडघ्यावर त्याची सही आहे.

एप्रिलमध्ये सकाळी नऊच्या सुमाराला गेलात तर रस्त्याकडेच्या दगडांवर सरडे बसलेले दिसतात. मातकट, बोटभर, गाडीतून दिसणारच नाहीत. माझी सायकल चढावर माणसाच्या चालीनं चालते, म्हणून पहिल्यांदा दिसला. दगडाच्या टोकावर चढला, पुढचे पाय ताणले आणि गळ्याखालची घडी उघडली. निळी, काळी, नारिंगी. पंखा उघडतो तशी, आणि लगेच मिटली. पुन्हा उघडली. मी एक पाय टेकून श्वास धरून उभी. हे सगळं त्याच्या मादीसाठी आणि शेजारच्या नरासाठी, मी आपली मध्येच. पुढं कळलं की २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांचा वेगळा गट केला आणि त्याला शास्त्रीय नाव दिलं 'सरडा'. लॅटिन नाही, ग्रीक नाही, आपला सरडा. याच पठारावर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी येतात, म्हणून तिथं हे सरडे जास्त सापडतात आणि कमी घाबरतात, असं त्यात आढळलं. पवनचक्क्या चांगल्या की वाईट हे मला त्यावरून ठरवता आलेलं नाही.

एक मात्र पक्कं ठरवलंय. रस्ता सोडून सड्यावर चाक घालायचं नाही. तिथं माती कुठं बोटभर, कुठं तीही नाही, आणि पावसाळ्यात त्या पातळ चिखलात सीतेची आसवं उगवतात. जांभळं, नखाएवढं फूल. त्या मातीत नायट्रोजन फारसा नसतो म्हणून ते बारीक जीव पकडून खातं. एवढी उपासमार सोसून जगणाऱ्या झाडावरून टायर नेलं तर चाकोरी तशीच राहते, पुढच्या वर्षीही दिसते. मध्ये एका टोळक्यानं तसं केलं होतं. मी ओरडले. "मॅडम, गवतच आहे," म्हणाले. जुलै-ऑगस्टमध्ये तर मी वर जातच नाही. तांबडा चिखल चाक आणि चिमट्यामध्ये असा भरतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

मागच्या मार्चमध्ये जांभ्याच्या धारेनं टायरची बगल फाडली. तिथं तो डिंक काही करू शकत नाही, नुसता फसफसून बाहेर येतो. ट्यूब टाकली तर फाटलेल्या जागेतून तीही फुग्यासारखी बाहेर डोकावायला लागली. दुधाची रिकामी पिशवी घडी करून आतून लावली, हवा निम्मीच भरली आणि ठोसेघरपर्यंत निम्मं चालत, निम्मं रडतखडत आले.

चहावाल्या काकांनी टायर अंगठ्यानं दाबून बघितलं. पिशवीची आयडिया त्यांना पटली. मग सायकलभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "समदं झ्याक हाय. पण हिला कॅरेज कुठाय?"

"नसतं काका हिला."

"आन मग दूध कशावर घालायचं?"