तुम्ही विचारलंत म्हणून: आईला आंघोळ कोणी घातली?

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या मुंजीत, फोनवर, प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही ते वूडू करता म्हणे?" विचारणाऱ्यांतले निम्मे लोक मग आवाज खाली आणून विचारतात, कुणावर काही करता येतं का. नाही येत. व्होडू, ज्याला लोक वूडू म्हणतात, तो कॅरिबियनमधल्या हैती देशातल्या लोकांचा धर्म आहे. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगताना चिडचिड होते. टाचण्या टोचलेली बाहुली मी इथे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एकाही हैतियन घरात पाहिलेली नाही. मी कुणाकडून पैसे घेत नाही, कुणाला औषध बंद करायला सांगत नाही. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो व्हायलाच हवा होता असं माझं मत आहे. भगताच्या नादाने उशिरा दवाखान्यात पोचलेली काविळीची माणसं मी कुडाळच्या बाजूला लहानपणी पाहिली आहेत. तो विषय इथे संपला.

मागच्या दिवाळीत मात्र एका निवृत्त प्राध्यापकांनी वेगळंच विचारलं. ते म्हणाले, "नॉस्टिक लोकांच्या, म्हणजे सुरुवातीच्या शतकांतल्या त्या ख्रिस्ती पंथांच्या मते हे जग एका अडाणी निर्मात्याच्या हातून झालेली चूक आणि देह म्हणजे कैद. व्होडूत तर देव माणसाच्या देहात येतात, जेवतात, नाचतात. तुम्ही म्हणता दोन्ही माझं. मग यातलं एक तरी तुम्ही खरं मानत नसणार." त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि फराळाच्या ताटाकडे वळले. हे त्यांच्यासाठी लिहितेय, आणि ज्यांना हाच प्रश्न पडूनही विचारता आला नाही त्यांच्यासाठी.

मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी करते. रक्त तपासते. नॉस्टिक मत मला पुस्तकाआधी सूक्ष्मदर्शकाखाली भेटलं. पाच वर्षांच्या मुलाच्या रक्ताच्या काचपट्टीवर ब्लास्ट पेशी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातल्या अपक्व पेशी, दिसतात, मोठ्या, जांभळ्या, एकसारख्या, शेजारी शेजारी. वर लेबलवर जन्मतारीख असते. अशा वेळी 'देवाची इच्छा' हे शब्द मला तोंडातून काढता येईनात. मग 1945 साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात सापडलेल्या तेरा कॉप्टिक हस्तलिखितांची भाषांतरं हाती आली. त्यात सोफियाची, म्हणजे दैवी प्रज्ञेची, गोष्ट होती. ती पूर्णत्वातून घसरते, तिच्यापासून सिंहमुखी याल्दाबाओथ जन्मतो, हे जग घडवतो आणि मीच एकटा देव म्हणून मिरवतो. जगात काहीतरी मुळातच चुकलंय असं उघड म्हणणारी माणसं दुसऱ्या शतकात होती, हे वाचून मला रडू आलं होतं. ते आजही मी मागे घेत नाही.

व्होडू आलं ते त्याच वाटेने, आणि चुकीच्या दाराने. 2004 साली मॅनहॅटनमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला शिकागोच्या मायकल बर्टियोंचा 1988चा जाडजूड ग्रंथ मिळाला, व्होडू आणि नॉस्टिक मत एकत्र गुंफणारा. त्यांच्या गुरुपरंपरेच्या दाव्यांवर वाद आहेत. पण फ्रेंच गूढवाद आणि हैती यांचा संबंध काही हवेतला नाही. मार्तिनेस द पास्काली हा त्या गूढवादाचा एक मूळपुरुष 1774 साली तिथेच, तेव्हाच्या सां-दोमँगमध्ये वारला, आणि फ्रीमेसन मंडळींची चिन्हं आजही हैतीच्या व्होडूत दिसतात. मी मात्र एकाही हैतियन माणसाला न विचारता घरच्या लाकडी फरशीवर मक्याच्या पिठाने वेवे काढत होते. वेवे म्हणजे ल्वांना, तिथल्या देवतांना, बोलवायची रेखाटनं. रांगोळीची सवय असल्याने हात छान चालायचा. शेजारी नॉस्टिक एऑन्सची, म्हणजे त्यांच्या दैवी शक्तींची, नावं लिहायची, दिवा लावायचा, डोळे मिटायचे. चार वर्षं मी हे केलं. तेव्हाची मी त्याला साधना म्हणत होते. त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आता 2008चा श्रावण.

पहाटेचे दोन चाळीस झाले होते, म्हणजे गावी दुपारचे बारा दहा. दादाचा फोन आला. "आये गेली गो." मग म्हणाला, "शवपेटी मागवतंय. दोन दिस थांबाक येतला. तू ये."

विमानाला पैसे होते. रजा मिळाली असती. ते विचारूच नका, ती सबब मी स्वतःलाही कधी दिली नाही. त्या काळात मी एकच काव्य रोज वाचत होते, मोत्याचं स्तोत्र. 'थॉमसची कृत्ये' या जुन्या ख्रिस्ती ग्रंथात ते येतं, आणि तिथे थॉमस ते भारतातल्या तुरुंगात गातो. पूर्वेकडचा एक राजपुत्र इजिप्तमध्ये सापाच्या पहाऱ्यातला मोती आणायला जातो, तिथल्या लोकांचे कपडे घालतो आणि आपण कोण ते विसरतो. जागा झाल्यावर ते घाणेरडे कपडे तिथेच टाकून घरी निघतो. देह म्हणजे ते कपडे, असं मी पक्कं धरलं होतं. शिवाय 'वासांसि जीर्णानि' शाळेपासून पाठ होतंच. मी दादाला म्हटलं, "थांबू नकात. ती आता त्या देहात नाय. टाकलेल्या कपड्यासाठी काय थांबायचा?"

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. अंगणात कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरा."

आईला वहिनीने आंघोळ घातली. तोंडात तुळशीचं पाणी शेजारच्या काकीने घातलं. बाराव्यालाही मी गेले नाही. त्या रात्री फोन ठेवून मी उरलेले सतरा नमुने तपासले, एकही चूक न करता, आणि मला वाटलं की मला ज्ञान झालंय. दुःख होत नव्हतं ना.

दादा पुढे दीड वर्ष माझ्याशी बोलला, पण पावसापाण्याचंच.

12 जानेवारी 2010ला हैतीत भूकंप झाला. आमच्या इस्पितळातल्या कितीतरी परिचारिका आणि मदतनीस तिथल्या. त्या आठवड्यात सगळ्या जिन्यांत बायका फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि फोन लागत नव्हते. त्यांच्यातल्या एका साठीच्या बाईंना सगळे मातांत म्हणत, म्हणजे मावशी. त्यांच्या घरची माणसं ढिगाऱ्याखाली होती, काहींचे देह मिळालेच नाहीत. एका रात्री कँटीनमध्ये त्या मला म्हणाल्या, "मेल्याचं नाही मला एवढं. धुवायला हात मिळाले नाहीत." मी काही बोलू शकले नाही. त्यांना मी तेव्हा आईबद्दल सांगितलं. किती सांगितलं, ते आता मला नक्की आठवत नाही, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे त्यावरच सगळे बोट ठेवतात.

त्या नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, त्यांनी मला ईस्ट फ्लॅटबुशमधल्या एका तळघरात नेलं. जांभळी नि काळी कापडं, क्रूस, काळी कॉफी, भाजलेले शेंगदाणे, मिरच्या घालून ठेवलेली रम. आधी लेग्बाला दार उघडायची विनंती होते, मग बाकीचे ल्वा येतात. मध्यरात्रीनंतर मातांतच्या अंगात गेदे आला. गेदे मृतांचा. नाकातून बोलतो, अचकट विचकट बोलून सगळ्यांना हसवतो. ज्या बाईला गुडघ्यांमुळे तळघराच्या आठ पायऱ्या हात धरून उतरवावं लागलं होतं, ती कंबर हलवत नाचत होती. आमच्या गावच्या देवळात अवसर आलेला मी पाहिलेला आहे, त्यामुळे भीती वाटली नाही.

मग तो माझ्यासमोर आला. माझे हात धरले, उलटे केले, तळवे हुंगले. हसणं थांबलं.

"की मून की ते लावे ल?" तिला कोणी धुतलं?

मी म्हटलं, वहिनीने.

"तुझे हात कोरडे आहेत," तो म्हणाला. त्याने परात मागवली, खुर्चीवर बसला आणि पाय पुढे केले. मी ते धुतले. ते मातांतचेच पाय होते. दिवसभर उभं राहून सुजलेले घोटे, मोज्यांच्या इलॅस्टिकचे वळ, टाचेला भेगा. पाणी कोमट होतं आणि त्यात कसला तरी पाला होता. धुऊन झाल्यावर मी पाय पुसायला लागले तर तो म्हणाला, "सावकाश. आई आहे." एवढंच. मग उठला आणि दुसऱ्या कुणाची तरी टोपी पळवली.

दुसऱ्या दिवशी मातांतना काही आठवत नव्हतं. व्होडूत म्हणतात, घोड्याला स्वाराचं बोलणं आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, तुम्हीच त्यांना आईचं सांगितलं होतंत. हो, असेल. शवपेटीचं सांगितलं नव्हतं असं मला वाटतं, पण रात्रपाळीत माणूस काय काय बोलून जातं. माझ्यापुरता प्रश्न ते कुठून कळलं हा नाहीच. दोन वर्षं माझ्या ज्ञानाला जे दिसलं नव्हतं ते त्या परातीत दिसलं, याचं मी काय करू ते मला सांगा.

2008ची मी इथे असती तर तिने सोडलं नसतं. ती म्हणाली असती, हा अपराधीपणा आहे, आणि अपराधीपणा हीच त्या अडाणी निर्मात्याची बेडी. तू न्यूयॉर्कवरून वळसा घालून पुन्हा गावच्या देवळात पोचलीस. तिला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. एवढंच दाखवू शकते की तिने ते स्तोत्र नीट वाचलं नव्हतं. राजपुत्राला जागं करायला जे पत्र येतं ते तीन जणांच्या नावाने येतं: बाप, 'पूर्वेची स्वामिनी' आई, आणि भाऊ. मला पूर्वेकडून भावाचा फोन आला होता, आईबद्दल, आणि मी त्याला स्तोत्राचा अर्थ सांगत बसले. शिवाय गोष्ट कपडे टाकून संपत नाही. घरून त्याच्यासाठी झगमगता झगा येतो, तो त्याला आरशासारखा आपल्याच रूपाचा दिसतो, आणि तो ते वस्त्र अंगावर घेतो. रोज वाचूनही ते वस्त्र मला दिसलं नाही.

पण यावरून मी नॉस्टिक राहिले नाही असं धरू नका. काचपट्टीवरच्या त्या पेशी अजून तशाच दिसतात. हे जग चांगल्या हातांनी घडवलंय असं मला अजून म्हणता येत नाही. व्होडू तरी कुठे म्हणतं? बोंद्ये, तो थोरला देव, फार लांब आहे, म्हणूनच ल्वांकडे जायचं. इथवर दोन्ही जुळतं. देहापाशी आलं की जुळत नाही. सर, तुमचा आक्षेप खरा आहे. रविवारी सकाळी मी एकटी माझी छोटी नॉस्टिक प्रार्थना करते आणि तिच्यात सुटका मागते. शनिवारी रात्री त्याच अंगाने मी कुणालातरी जागा करून द्यायला उभी असते. मला हे कोडं सोडवता आलेलं नाही. एक टाकून बघितलं होतं, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

मातांतना माझी ही सरमिसळ पसंत नाही. एकदा मी त्यांच्या जमिनीवर वेवेशेजारी सोफियाचं नाव लिहिलं तर त्यांनी ते चपलेने पुसलं. "तुझ्या खोलीत तुझं चर्च कर. माझ्या जमिनीवर माझी माणसं." 1941-42 साली चर्चच्या मोहिमेत हैतीत देवघरं फोडली, पवित्र ढोल जाळले, आणि व्होडूला सरकारी मान्यता मिळायला 2003 उजाडलं. हे माहीत असल्यावर त्या पुसण्याचा राग येत नाही. 2014 साली त्यांनी माझं लावे तेत केलं, म्हणजे डोकं धुणं. त्यापुढची दीक्षा मी घेतलेली नाही. मी मांबो, म्हणजे व्होडूची पुजारीण, नाही, कृपा करून तसं म्हणू नका.

आणि "आपल्याकडे काय कमी होतं?" आपल्याकडे तरंग, म्हणजे देवाचे सजवलेले खांब, होते, कौल होता, गाऱ्हाणं होतं. पण आमच्या देवळात तरंग कुणाच्या खांद्यावर जायचा ते मानकऱ्यांच्या घराण्यांत ठरलेलं, आणि मुलींनी बाहेरून बघायचं. ब्रुकलिनच्या त्या तळघरात आसोन, तो मण्यांचा खुळखुळा, बाईच्या हातात होता. हे कारण खरं आहे. कॉलेजात असताना मला गावच्या देवांची लाज वाटायची, हेही तितकंच खरं आहे. बाकी परकं म्हणाल तर इथल्या पूजासाहित्याच्या दुकानात सांता मार्ता ला दोमिनादोराची तसबीर मिळते, हातात साप घेतलेल्या बाईची. हॅम्बर्गला छापलेलं ते चित्र 1955 साली मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीने पुन्हा छापून पश्चिम आफ्रिकेला पाठवलं होतं.

दर 2 नोव्हेंबरला मी आईचं ताट तळघरात, गेदेच्या कॉफीशेजारी ठेवते. बांगड्याची आमटी, भात, सोलकढी. गेल्या वर्षी दादाला पहिल्यांदा हे सांगितलं. इतक्या वर्षांत त्याने मला त्या फोनबद्दल काही विचारलेलं नाही, मीही माफी मागितलेली नाही. तोंडाशी येतं आणि पावसापाण्यावर जातं. त्याने ऐकून घेतलं. गेदे कोण हे विचारलं नाही.

"थंय कावळो शिवता?" तो म्हणाला.

मी म्हटलं, तळघरात कावळा कसा येईल.

"मगे ताट भायर ठेव."