आत्याचं ‘हो, हो’

गुरुवार, रात्र

पोचले. 6 वर्षांनी या घरात झोपणार आहे. भेटायच्या माणसांची यादी करून आणली होती, त्यात 23 नावं. धाकट्या भावाने ती वाचली आणि म्हणाला, “ताई, चार दिवसांत एवढ्या जणांना भेटणार, तर बसणार कुणाजवळ?” तेव्हा उत्तर दिलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

शुक्रवार

सात घरं झाली. कधी आलीस, किती दिवस आहेस, मुलगा कितवीला. उत्तरं संपेपर्यंत उठायची वेळ. मामा कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत हसत होते, त्यांच्याशी चार वाक्यंसुद्धा झाली नाहीत. फार वाईट वाटलं. उरलेली यादी बाजूला ठेवली. उद्याचा अख्खा दिवस आत्याचा.

शनिवार, रात्री उशिरा

आजचं लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

आत्या आता 84 वर्षांची. गेली तीन-चार वर्षं फोनवरचं तिचं बोलणं आटत चाललं होतं. कशी आहेस विचारलं की “हो, हो.” गुडघा दुखतो का अजून? “हो, बरं आहे. थांब, हिच्याशी बोल,” आणि फोन वहिनीकडे. आम्ही भावंडांनी आपसात ठरवून टाकलं होतं, की तिचं आता कशात मन राहिलं नाही. मीही तेच म्हणायचे. मग हळूहळू फोनही कमी केले.

आज तिच्या समोर बसले. खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर. आणि आत्या बोलायला लागली, अगदी पूर्वीसारखी. नेमके प्रश्न, आधीच्या बोलण्याचा धागा पकडून पुढचं विचारणं, सगळं तेच. मध्येच मी पाठमोरी होऊन पिशवीतून चष्मा काढत काहीतरी बोलले, तर मागून “हो, हो.” वळून तेच पुन्हा म्हटलं, तर सरळ उत्तर. असं तीनदा झालं आणि मी जागीच थांबले. तिचं मन कुठेही गेलेलं नव्हतं. तिला ऐकू येत नव्हतं.

वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते बहुतेक वेळा वरच्या पट्टीपासून. ‘आ’, ‘ओ’सारखे स्वर खालच्या पट्टीत, ते कानावर पडत राहतात. पण स, श, फ अशा सळसळत्या अक्षरांचा आवाज आधी हरवतो. माणूस बोलतोय हे कळतं. तो ‘सात’ म्हणाला की ‘हात’, ते कळत नाही. ओरडलं तर स्वरच मोठे होतात, शब्द काही उलगडत नाही. त्यात तिच्या उशाशी असलेला साधा फोन 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोचवतो, आणि ‘स’ची बरीचशी सळसळ त्याच्याही वर असते. समोर बसलं की ओठ बघून तिला गाळलेलं भरून काढता येतं. फोनवर कसं भरून काढणार?

मी तिला विचारलं, “आत्या, कधी बोलली का नाहीस?”

“सारखं काय, काय विचारलं की समोरच्याचा सूर बदलतो गं. त्यापेक्षा हो म्हणावं.”

यावर मला काही बोलता आलं नाही. तिचा हात हातात घेऊन बसून राहिले.

दुपारी तिने फोटोंची पेटी काढायला सांगितली. रंगीत फोटो लालसर पडलेत, त्याआधीचे काळे-पांढरे मात्र शाबूत. रंगीत फोटोत नुसती रंगद्रव्यं असतात, ती उडतात. काळ्या-पांढऱ्यात चांदीचे कण. तिने एकेक चेहरा ओळखायचा आणि मी मऊ पेन्सिलीने मागच्या कडेला नाव लिहायचं (पेनाने लिहिलं तर दाब पुढच्या बाजूला उठतो). 41 फोटो झाले. तिच्या पंधराव्या-विसाव्या वर्षांतल्या गोष्टी तर कालच्यासारख्या. एका फोटोत बाबा आठ-नऊ वर्षांचे, डोळे भेदरलेले. “फोटोवाल्याच्या काळ्या कापडाला घाबरला होता. मी मागून त्याचा सदरा धरून ठेवला होता, बघ.” खरंच, खांद्यामागे चिमूटभर कापड ओढलेलं दिसतं. हा फोटो मी लहानपणापासून बघत आले आणि ती चिमूट कधी पाहिलीच नव्हती. बाबा आता नाहीत. हे सांगू शकणारी ती एकटी उरली आहे.

एकच चेहरा राहिला, डाव्या कडेला उभी असलेली मुलगी. “नाव ओठांवर आहे गं,” असं ती तीनदा म्हणाली.

निघताना आतेभावाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन ऐकण्याची तपासणी करून घे, आणि तोवर समोर येऊन, सावकाश, न ओरडता बोला. तो बराच वेळ गप्प होता. “आम्ही तर रोज घरातच असतो,” एवढंच म्हणाला.

रविवार

शाळेतली मैत्रीण भेटली, 19 वर्षांनी. पहिला अर्धा तास दोघीही उसनं बोलत होतो. मग शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारत मी मनातलं विचारून टाकलं: बाबा गेले तेव्हा फोन का केला नाहीस? ती म्हणाली, “चुकलंच माझं. काय बोलावं तेच सुचलं नाही, आणि मग उशीर झाला म्हणून लाज वाटली.” बस. त्यानंतर अंधार पडेपर्यंत आम्ही चालत होतो.

सोमवार

परत निघाले. मामांकडे दोन तास बसून आले.

पुढचा रविवार

व्हिडिओ कॉल केला. खिडकीसमोर बसून, चेहऱ्यावर उजेड घेऊन, सावकाश. या वेळी आत्याने फोन वहिनीकडे दिला नाही.

“अगं, ती डाव्या कडेची,” ती म्हणाली, “आठवलं!” आणि नाव सांगितलं. नेमका त्याच वेळी आवाज तुटला. मी पेन्सिल हातात धरून विचारलं, “काय?”

तिने तोंड फोनच्या जवळ आणलं आणि एकेक अक्षर सुटं करून ते नाव पुन्हा सांगितलं.