‘ढग’ लिहिलेली पानं

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. यवतेश्वरचा डोंगर आज दिवसभरात एकदाही दिसला नाही. आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाचा वर्धापनदिन दर वर्षी असाच भर पावसात येतो. 1986 च्या मार्च-एप्रिलमध्ये हॅलेचा धूमकेतू बघायला जी मंडळी कासच्या रस्त्यावर पहाटे जमायची, त्यांनीच ऑगस्टमध्ये मंडळ काढलं. आकाश मोकळं होतं तोवर बैठकीला सवड कुणाला होती! आज त्याला चाळीस वर्षं झाली.

आम्हाला आकाश बघायला शिकवणाऱ्या सरांच्या नावाने व्याख्यान यंदा पहिल्यांदाच. ते जाऊन दीड वर्ष झालं. शाळेच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडल्या होत्या, त्या पुरल्या नाहीत. पोरं रेनकोटसकट खिडकीच्या कट्ट्यावर बसली. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की मधे पाच मिनिटं व्याख्यान थांबवावं लागलं.

विषय होता राधागोविंद चंद्र. हे नाव मी सरांच्या तोंडून ऐकलं होतं, पण सगळी हकिगत आज कळली. बंगालमधल्या जेसोरचा हा माणूस सरकारी खजिन्यात नाणी पारखायचा. प्रवेश परीक्षेत नापास झाल्यामुळे कॉलेजचं शिक्षण नाही. 1910 साली हॅलेचा धूमकेतू पाहिला आणि पुढे तीन इंची दुर्बीण विकत घेतली. 1919 ते 1954 या काळात त्यांनी रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या सदतीस हजारांहून जास्त नोंदी अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेला पाठवल्या. म्हणजे वर्षाला हजारावर! त्या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली. तीच दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. 1910 चा हॅले त्यांच्या वाट्याला आला आणि 1986 चा आमच्या सरांच्या.

सरांचंही सगळ्यात जास्त प्रेम रूपविकारी ताऱ्यांवरच. तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा त्यांचा खास. साधारण 332 दिवसांनी तो उजळतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि मग महिनोन् महिने गायब होतो. त्याची प्रत, म्हणजे तो किती तेजस्वी आहे ते, ठरवायला महागडं काही लागत नाही. शेजारचा एक जास्त तेजस्वी आणि एक मंद तारा धरायचा आणि मीरा या दोघांच्या मधे कुठे बसतो ते ठरवायचं. सर दोन वेळा बघायचे, मधे डोळे मिटून घ्यायचे, मगच पेन्सिल उचलायचे.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, आज सरांच्या निरीक्षणांच्या तेवीस वह्या आणल्या होत्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कापडी पिशवीत घातलेल्या. त्या टेबलावर मांडायचं काम माझ्याकडे आलं. मी 1997 ची उघडली. एप्रिलमधलं, हेल-बॉप धूमकेतूचं एक पान: ‘हेल-बॉप. संध्या. 7.40. नवीन मुलगा आला आहे. त्याला दोन शेपट्या दिसल्या. बरोबर.’

तो मुलगा मी. नववीत होतो. बाकीचे म्हणत होते, शेपटी एकच आहे. मला पांढऱ्या शेपटीच्या बाजूला एक निळसर, सरळ रेघ दिसत होती. सरांनी लाल जिलेटीन लावलेली बॅटरी माझ्या हातात दिली, आपल्या वहीतला कागद फाडून दिला आणि म्हणाले, “दिसतंय तेवढंच काढ. दिसायला हवं ते नको.” मी काढलं. त्यांनी ते त्याच रात्री लिहून ठेवलं होतं, हे मला एकोणतीस वर्षांनी कळलं. वही हातात धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

जुलै-ऑगस्टची पानंही भरलेली आहेत. ‘ढग.’ खाली पुन्हा ‘ढग.’ मग ‘रात्री 2 ला दहा मिनिटं उघडलं, श्रवण दिसला, परत ढग.’ असं का लिहिता, म्हणून मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले होते, “पान कोरं ठेवलं, तर मी झोपलो होतो की आभाळ नव्हतं, ते पुढच्याला कसं कळणार?” मंडळातल्या नव्या पोरांना मी हे सांगतो, पण आज त्यांनी ती पानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. सहावीतली एक मुलगी बोटाने ‘ढग’ मोजत होती. बावीसपर्यंत गेली.

चहाच्या वेळी व्याख्यात्यांनी वह्या चाळल्या. मीराच्या नोंदींत वेळ आहे, प्रत आहे, तुलनेला कुठले तारे घेतले तेही आहे. त्या टाइप करून अमेरिकेतल्या त्याच संघटनेला पाठवा, म्हणाले. जुन्या नोंदीही तिथे घेतात. काकूंनी लगेच विचारलं, “वह्या घरीच राहतील ना?” घरीच राहतील. आम्ही तिकडे जाऊन बसू.

उद्या दहाला काकूंकडे जायचं आहे. 1993 च्या वहीची पानं ओलीने एकमेकांना चिकटली आहेत. ती सुटी करायला बटर पेपर आणि प्लास्टिकची पातळ पट्टी घ्यायची. आधी तीच वही.